सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवर मोटरसायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-बंगळूर महामार्ग सह्याद्रीच्या पूर्वेने आणि मुंबई-गोवा महामार्ग पश्चिमेने, असे दोघे जवळजवळ समांतर दक्षिणेकडे जातात. हे शिडीचे दोन दांडे धरले, तर त्यांना जोडणारे घाट म्हणजे पायऱ्या. वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली, तिलारी. एका पायरीने कोकणात उतरायचं आणि दुसरीने पुन्हा देशावर चढायचं, ही घाटभटकंतीची सगळ्यात चांगली पद्धत आहे असं आमचं ठाम मत आहे. पुढचे प्रश्न नव्याने सुरुवात करणारे वारंवार विचारतात ते आहेत.

घाटात फिरायला किती सीसीची गाडी लागते?

तुमच्याकडे आहे ती. स्प्लेंडरवर मागे दुधाचे कॅन बांधून लोक रोज हे घाट चढतात. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहावं लागेल, ओव्हरटेक करताना जास्त मोकळा रस्ता लागेल, एवढंच. दीडशे ते दोनशे सीसीची हलकी गाडी आम्हाला घाटासाठी सर्वांत सोयीची वाटते, कारण अरुंद रस्त्यावर ती सहज वळवता येते आणि खडीत पाय टेकून सावरता येते. बुलेट किंवा हिमालयन असेल तर सपाटीवरचा लांबचा प्रवास आरामात होतो, पण एकेरी रस्त्यावर समोरून एसटी आली आणि गाडी मागे घ्यावी लागली की वजन जाणवतं.

स्कूटरनेही घाट करता येतात. फक्त उताराला स्कूटरचं इंजिन गिअरच्या गाडीइतकं वेग रोखून धरत नाही, त्यामुळे भार ब्रेकवर येतो. लांब उतार असेल तर मध्ये थांबून ब्रेक थंड होऊ द्या.

पहिला घाट कोणता करावा?

पुण्याहून ताम्हिणी. रस्ता रुंद आहे, मुळशी धरणाचं पाणी बराच वेळ सोबत असतं आणि उतार अंगावर येत नाही. साताऱ्याकडच्यांनी पसरणी घाट करावा: वाईतून पाचगणीला चढताना मागे कृष्णेचं खोरं आणि धोम धरण उलगडत जातं. कोल्हापूरकरांना आंबा घाट आहे.

तिलारी मात्र पहिल्यांदा करू नका. चंदगडकडून दोडामार्गला उतरणारा हा रस्ता फार तीव्र उताराचा आहे आणि वळणंही आखूड आहेत. हात बसल्यावर जा, त्या परिसराचं जंगल पाहण्यासारखं आहे.

एका दिवसात किती किलोमीटर धरावेत?

किलोमीटर धरूच नका, तास धरा. महामार्गावर तासाला साठ किलोमीटर सहज पडतात, घाटात आणि गावरस्त्यांवर पंचवीस ते तीस पडले तरी पुष्कळ. त्यात चहा, फोटो, वाट विचारणं आणि मध्येच रस्त्यात बसलेल्या म्हशी धरा. दिवसाला सहा तास गाडीवर बसणं बहुतेकांना झेपतं. म्हणजे महामार्ग कमी असेल तर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचा दिवस भरगच्च होतो. नकाशावरचं अंतर बघून कोणी चारशे ठरवतात आणि शेवटचा घाट अंधारात, थकलेल्या मनगटांनी उतरतात. सगळ्यात धोक्याचा प्रवास तोच.

दोन दिवसांची एखादी चांगली फेरी सुचवाल का?

आमची सर्वांत आवडती ही: पुणे, भोर, वरंध घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, प्रतापगड, महाबळेश्वर, पसरणी घाट, वाई, मांढरदेवी, पुन्हा भोर आणि पुणे. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, पण मुक्काम हवाच.

भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी उजवी-डावी करत रस्ता जातो आणि वरंधच्या माथ्यावर एकदम कोकण उघडं पडतं. इथे कावळ्या किल्ल्याच्या डोंगरालाच रस्त्याने मध्ये कापलं आहे. घाटात वाघजाईचं देऊळ आहे, शेजारी चहा-भजीची दुकानं आहेत. उतरल्यावर थोडी वाट वाकडी केली की शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला ती हीच जागा मानली जाते. पावसाळ्यानंतरही तिथल्या धबधब्याला पाणी असतं.

पोलादपूरहून आंबेनळीचा चढ सुरू होतो. हा चढ सकाळी करावा. ऊन पाठीशी नसलं तरी दरी सावलीत असते, गाड्या कमी असतात आणि वर वाडा-कुंभरोशीला प्रतापगडाकडे वळता येतं. महाबळेश्वर-पाचगणीची गर्दी पटकन ओलांडा. वाईला जेवा आणि परतताना महामार्ग टाळून मांढरदेवीच्या घाटाने भोरला या. या शेवटच्या टप्प्याबद्दल फार कोणी बोलत नाही, पण माथ्यावरून एका बाजूला वाई आणि दुसऱ्या बाजूला भोरचा मुलूख दिसतो आणि रस्ताही निवांत असतो. मांढरदेवीची यात्रा पौष पौर्णिमेला असते, त्या सुमारास मात्र तिकडे गाडी घालू नका.

आणि एका दिवसाची?

कोल्हापूर, गगनबावडा, भुईबावडा किंवा करूळ घाट, वैभववाडी, फोंडा, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. दोनशे किलोमीटरच्या आसपास. गगनबावड्याला रस्ता दुभंगतो: करूळ घाट वैभववाडीला उतरतो, भुईबावडा खारेपाटणच्या दिशेने. करूळ मोठ्या वाहतुकीचा आहे. २०२४ मध्ये काँक्रिटीकरणासाठी तो बंद ठेवला होता. भुईबावडा अरुंद आणि जास्त हिरवा आहे. आम्ही वेळ असेल तर भुईबावड्याने उतरतो. परतीच्या वाटेवर दाजीपूर-राधानगरीचं अभयारण्य आहे, ते गव्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि गवा रस्त्यावरही येतो. दुपारी चारच्या आत तिथून बाहेर पडा.

बेळगाव, सावंतवाडी किंवा गोव्याकडच्यांना आंबोलीने चढून तिलारीने उतरता येतं, किंवा चोर्ला घाटाने गोव्यातल्या साखळी गावाकडे. चोर्ला आता गोव्याच्या वाहतुकीचा मुख्य रस्ता झाला आहे, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते.

कोणत्या महिन्यात जावं?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबर. पाऊस सरलेला, धबधबे अजून वाहते, गवत आधी हिरवं आणि मग सोनेरी, हवा इतकी स्वच्छ की माथ्यावरून दूरदूरच्या डोंगररांगा मोजाव्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासचं पठार फुलतं. तिथे हंगामात प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणीची पद्धत आहे आणि रोजची माणसं ठरलेली असतात, हे लक्षात ठेवून निघा. कारवी फुलण्याचं वर्ष असेल तर अख्खे उतार जांभळे होतात. ती सात वर्षांतून एकदा फुलते.

जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे घाटमाथ्यावर बोटं आखडतात, बाकी सगळं छान. मार्चपासून वणव्यांचा धूर, धुरकट दऱ्या आणि कोकणातला उकाडा. तरीही मे महिन्यात रस्त्याकडेला करवंदं आणि जांभळं विकायला बसलेल्या बायका दिसतात आणि त्या करवंदांसाठी उन्हातला एक दिवस खर्च करायला आमची हरकत नाही.

पावसाळ्यात घाट करायचाच आहे. काय काळजी घ्यावी?

आधी पाऊस किती पडतो ते समजून घ्या. महाबळेश्वर आणि आंबोली इथे वर्षाचा पाऊस पाच ते सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. सह्याद्री बेसॉल्टचा, थरांवर थर असलेला. दगडात भेगा असतात, वर मातीचा आणि मुरुमाचा थर असतो. चार-पाच दिवस सलग पाऊस मुरला की हा वरचा थर जड होतो आणि सुटतो. रस्ता करताना डोंगराचा पायथा उभा कापलेला असतो, त्यामुळे दरड नेमकी रस्त्यावर येते. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात आंबेनळीसह अनेक घाट तुटले. म्हणून आमचा नियम सोपा आहे: हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या जिल्ह्याच्या घाटात जायचं नाही, आणि सलग मुसळधार पाऊस झाला असेल तर पाऊस थांबल्यावरही एक-दोन दिवस थांबायचं. दरड ऊन पडल्यावरही कोसळते.

आता रस्त्याबद्दल. पहिल्या पावसात रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ यांचा लगदा होतो. दोन-चार जोरदार सरींनंतर डांबर धुऊन निघतं आणि पकड सुधारते. सावलीतल्या वळणांवर, विशेषतः काँक्रीटच्या कडेला, शेवाळ धरतं, तिथे चाक नेऊ नका. पांढरे-पिवळे पट्टे ओले असताना घसरतात. वरून वाहून आलेली खडी आणि माती वळणाच्या आतल्या बाजूला साचते. आणि आखूड वळणांवर कधी कधी ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल असतं. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुषी रंगाचा तवंग दिसला की तो भाग सरळ गाडीने, ब्रेक न लावता ओलांडा.

रस्त्यावरून पाणी आडवं वाहत असेल आणि तळ दिसत नसेल, तर थांबा. मोरी वाहून गेली आहे की नाही हे गाडीवर बसून कळत नाही. मागून आलेली एसटी गेली म्हणून आपण जावं असंही नाही, तिचं वजन कितीतरी पट आहे.

पोंचो पद्धतीचा सैल रेनकोट वापरू नका, तो वाऱ्याने फडफडतो आणि चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकतो. जर्किन आणि पँट असा दोन भागांचा रेनकोट घ्या. मोबाइल, कागद, कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, बॅग कितीही जलरोधक म्हणून विकली असली तरी.

घाट चालू आहे की बंद, हे कसं कळणार?

जिल्हाधिकारी घाट बंद करण्याचा आदेश काढतात तो स्थानिक वर्तमानपत्रांत आणि जिल्हा प्रशासनाच्या समाजमाध्यमांवर येतो. वरंध घाट गेल्या काही पावसाळ्यांत असाच बंद राहिला आहे. काही वेळा फक्त अवजड वाहनं बंद असतात, काही वेळा सगळीच, तेव्हा आदेश पूर्ण वाचा. मोबाइलचा नकाशा बंद घाटही बिनदिक्कत दाखवतो.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे घाटाखालच्या शेवटच्या एसटी स्थानकात विचारणं. भोर, महाड, पोलादपूर, चिपळूण, वैभववाडी, सावंतवाडी. एसटीचे चालक-वाहक दोन तासांपूर्वी तिथूनच आलेले असतात. "दादा, घाट कसा आहे आज?" एवढं विचारलं की कुठे खडी टाकली आहे, कुठे एकेरी वाहतूक आहे, सगळं कळतं.

उताराला सारखा ब्रेक दाबून धरला तर चालतं का?

नाही. ब्रेक तापतो, तापला की पकड कमी होते आणि ड्रम ब्रेक असेल तर ती लवकर कमी होते. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी थोडा थोडा लागतो. गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायला उतरणारे अजूनही दिसतात. तसं कधीही करू नका, इंजिनाचा आधारच निघून जातो.

आखूड वळण कसं घ्यावं?

वेग वळणाच्या आधी कमी करा, गिअर आधी पाडा, आणि वळणात गेल्यावर ब्रेकला हात लावू नका. नजर चाकापुढच्या खड्ड्यावर न ठेवता वळण संपतं त्या टोकाकडे ठेवा, गाडी नजरेमागे जाते. आपली डावी बाजू सोडू नका. उजवीकडे झुकून वळण कापण्याचा मोह होतो, आणि नेमकी त्याच वेळी समोरून जीप येते. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा. रात्री दिव्याची उघडझाप करा.

एसटी आणि लांब ट्रक आखूड वळणावर पूर्ण रस्ता व्यापतात, त्यांना दुसरा इलाजच नसतो. समोरून बस वळताना दिसली की वळणाच्या आधीच डावीकडे थांबा आणि तिला वळू द्या. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क असतो. हा नुसता शिष्टाचार नाही, वाहतुकीचा नियम आहे. भरलेला ट्रक चढावर थांबला तर पुन्हा निघणं त्याला फार जड जातं.

घाटात आणखी कोणाकोणापासून सांभाळून राहावं?

नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडणीचा हंगाम. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, आणि पुष्कळांना मागचा दिवा नसतो. ट्रॉलीतून ऊस बाहेर आलेला असतो तो वेगळाच. वडापच्या जीपा प्रवासी दिसला की जिथल्या तिथे थांबतात. शाळा सुटायच्या वेळी मुलं रस्त्याच्या कडेने रांगेत चालतात. त्यांच्या बाजूने जाताना वेग खरोखर कमी करा. त्यांना चालायला पदपथ नाही, हा रस्ताच त्यांचा आहे.

धुकं आलं तर?

दिव्याचा झोत खाली (लो बीमवर) ठेवा, वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. कडेची पांढरी पट्टी धरून हळू चला. हेल्मेटची काच आतून धूसर होते, ती थोडी वर करा. अगदीच दिसेनासं झालं तर रस्ता पूर्ण सोडून, एखाद्या दुकानापाशी किंवा रुंद मोकळ्या जागेत थांबा. साइड पट्टीवर दिवे लावून उभं राहू नका. मागून येणारा तुमचा लाल दिवा पाहून "गाडी चालू आहे" असं समजतो आणि तुमच्या मागे येतो.

रात्री घाट करावा का?

करू नये. गवे, रानडुकरं, विनादिव्याची वाहनं, बंद मोबाइल नेटवर्क, ही कारणं पुरेशी आहेत. आंबोलीत आणखी एक आहे. पावसाळ्यात रात्री बेडूक रस्त्यावर येतात आणि चाकांखाली चिरडले जातात. आंबोलीच्या नावानेच ओळखला जाणारा एक लहानसा भेक त्या परिसराबाहेर फारसा सापडत नाही, तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचलात तर त्याचाही जीव वाचतो.

निघण्याआधी गाडीत काय तपासावं?

टायर, ब्रेक, चेन, क्लच केबल, दिवे. टायरची नक्षी झिजली असेल तर घाटाचा बेत पुढे ढकला, यात तडजोड नको. ब्रेक लायनर किंवा पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर आधी बदला. चेनला तेल द्या, पावसातून आल्यावर पुन्हा द्या. सोबत एक क्लच केबल, प्लग, फ्यूज, पंक्चरचं सामान आणि हवेचा छोटा पंप ठेवा. तारांच्या चाकांना बहुधा ट्यूब असते, तेव्हा जादा ट्यूबही घ्या. पंक्चरवाला गावात असतो, पण त्याच्याकडे तुमच्या मापाची ट्यूब असेलच असं नाही.

२०१९ पासून एकशे पंचवीस सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. जुन्या गाडीला ते नसेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा हळूहळू दाबायचा याचा सराव रिकाम्या मैदानात करून घ्या.

मागे बसणाऱ्याने काय लक्षात ठेवावं?

हेल्मेट दोघांनाही. ओढणी, साडीचा पदर, रेनकोटचे बंद घट्ट खोचलेले. वळणावर चालवणाऱ्याबरोबर तेवढंच झुकायचं, घाबरून उलट बाजूला जायचं नाही. उताराला मागचं सगळं वजन पुढे येतं, म्हणून चालवणाऱ्याच्या मनगटांवर ताण येतो. मागच्याने मागची दांडी धरावी किंवा टाकीवर हात टेकावेत. दर तासाला दोघांनी उतरून पाय मोकळे करावेत. लहान मुलाला पुढे टाकीवर बसवून घाट उतरू नये.

मुलीने एकटीने जावं का?

जरूर. दिवसा, ओळखीच्या रस्त्यापासून सुरुवात करून. घाटातल्या गावांत एकट्या मुलीची चौकशी फार होते, "कुठल्या गं तुम्ही? एकट्याच?" ती बहुतेक वेळा काळजीपोटी असते. चहाच्या टपरीपेक्षा जिथे बाई चालवते ती खानावळ थांबायला बरी. स्वच्छतागृहासाठी तालुक्याच्या गावातला पेट्रोलपंप किंवा जेवणाचं हॉटेल गाठून मगच पुढचा घाट धरा, घाटात सोय नसते. मुक्काम आधी फोन करून पक्का करा आणि रोज घरच्या एका माणसाला "अमुक गावी पोहोचले" एवढा निरोप द्या. हे शेवटचं पुरुषांनीही करावं.

नकाशावर जवळचा रस्ता दिसतो, तो घ्यावा का?

आधी रस्त्याकडेचा दगड पाहा. वरचा रंग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. नारिंगी दगडांचे रस्ते बहुधा सर्वांत सुंदर असतात, पण ते एखाद्या वाडीत जाऊन संपूही शकतात. नकाशा आधी उतरवून ठेवा. कोयना आणि कांदाटी खोऱ्यात, वरंधच्या काही भागात नेटवर्क जातं. आणि गावकरी "पुढं गाडी जाईल" म्हणाले तर विचारा, कोणती गाडी? त्यांच्या डोळ्यापुढे बहुधा जीप किंवा पिकअप असते.

पेट्रोल, जेवण, मुक्काम?

पेट्रोल तालुक्याच्या गावात भरा आणि टाकी अर्धी झाली की पुढच्या तालुक्यात पुन्हा. जेवणाला घाटमाथ्यावर पिठलं-भाकरी, उतरल्यावर तांदळाची भाकरी आणि सोलकढी. लहान खानावळीत आधी फोन करून किंवा जाताना सांगून परतताना जेवायला थांबलं तर गरम मिळतं. मुक्कामासाठी घरगुती सोय पाहा, पैसे गावात राहतात आणि उद्याच्या रस्त्याची माहिती रात्रीच मिळते.

पठारावर, गवतात गाडी घातली तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. कास, चाळकेवाडी, मसाई यांसारखी पठारं म्हणजे जांभ्या दगडाचे सडे आहेत. त्यांच्यावर जेमतेम काही इंचांचा मातीचा थर असतो आणि त्या थरात पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या, इतरत्र न सापडणाऱ्या वनस्पती जगतात. काही तर कीटक पकडून खाणाऱ्या. एका चाकाची चाकोरी पडली की तिथून पाणी वाहतं, माती जाते आणि ती परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. व्हिडिओसाठी पठारावर गोल फेऱ्या मारणाऱ्यांना तिथेच थांबवा. गाडी डांबरावर ठेवा आणि पायी जा.

धबधब्याखाली, माकडांजवळ, कठड्यावर?

पावसाळ्यात अनेक ठिकाणी धबधब्यांवर जाण्यास प्रशासनाची बंदी असते, ती पाळा. वर पाऊस पडला की पाणी काही मिनिटांत वाढतं. माकडांना खाऊ घालू नका. दिलेल्या बिस्किटामुळेच ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. कठड्यावर बसू नका, पुष्कळ कठड्यांची खालची माती पावसाने गेलेली असते.

रघुवीर घाटाबद्दल ऐकलं आहे. तिथे जावं का?

जावं, पण समजून जावं. खेडहून खोपीमार्गे वर चढणारा हा रस्ता पलीकडे सातारा जिल्ह्यातल्या कांदाटी खोऱ्यात, शिंदी आणि आसपासच्या गावांना पोहोचतो. तिथून पुढे कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी आडवं येतं. या गावांना कोकणची बाजारपेठ जवळ आणि आपलं तालुक्याचं गाव पाण्यापलीकडे. पावसाळ्यात घाटात दरडी येतात आणि तो बंदही ठेवतात. दुकानं जवळजवळ नाहीत, तेव्हा खाणं-पाणी आणि पेट्रोल बरोबर घ्या आणि दुपारी परत फिरा.

किती जणांनी मिळून जावं?

तीन-चार गाड्या. त्याहून जास्त असतील तर दोन गट करा. सायलेन्सर काढून, दहा-बारा गाड्यांचा ताफा गावातून गेला की त्यामागून येणाऱ्या प्रत्येकाला गावकरी त्याच नजरेने पाहतात. पुढचा माणूस सर्वांत हळू चालवणारा असावा, आणि प्रत्येकाने वळणावर मागची गाडी दिसेपर्यंत वाट पाहावी.

भाड्याची गाडी घेतली तर?

स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या कायदेशीर गाडीची पाटी काळी आणि त्यावरचे अंक पिवळे असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा वाद होतो. गोव्यातून घेतली असेल आणि चोर्ला किंवा आंबोलीने महाराष्ट्र-कर्नाटकात यायचं असेल, तर राज्याबाहेर नेण्याची परवानगी लेखी मागा.

अपघात झाला किंवा कोणाचा झालेला दिसला तर कोणाला फोन करावा?

११२ वर पोलिसांना, १०८ वर रुग्णवाहिकेला. सोबतच्या एकाला वळणाच्या अलीकडे आणि दुसऱ्याला पलीकडे उभं करा, म्हणजे येणाऱ्या गाड्या थांबतील. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मान सरळ आधार देऊन ठेवा, पाणी पाजू नका. ठिकाण सांगताना घाटाचं नाव, जवळच्या दगडावरचा किलोमीटर आणि शेवटचं गाव सांगा. नेटवर्क नसेल तर येणाऱ्या पहिल्या एसटीला हात करा, वाहक पुढच्या स्थानकात निरोप देतो. मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा रुग्णालयाने नाव-पत्ता देण्याची सक्ती करू नये, असं मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांतच आहे. तेव्हा थांबायला घाबरू नका.